लिबर्टिन बाईंनी मागे घेतलेली अट

मी, डॉ. सुलेखा रमेश गद्रे, वय वर्षे एकाहत्तर, मूळची पुण्याची, गेली तेहेतीस वर्षे राहणार ड्रेस्डेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. इथल्या कायद्याला टाइप केलेलं चालत नाही. गिचमिड अक्षर चालतं. फेब्रुवारीत कमरेचं हाड मोडलं, पण डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. आयुष्यात कधी कुणाचा चालला नाही, आणि पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

२०२१ साली मी केलेलं आणि इथल्या न्यायालयात ठेवलेलं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. ते का केलं होतं हे कलम चारमध्ये येईल. सांगायची लाज वाटते, म्हणून आधी बाकीचं उरकते.

कलम एक. माझी कीर्ती. ही कुणालाच देण्यासारखी नाही, पण नोंद हवी. माझा विषय अठराव्या शतकातलं फ्रेंच लिबर्टिन साहित्य. देव, लग्न आणि अब्रू या गोष्टी माणसाने माणसाला वेसण घालायला शोधून काढल्या, असं म्हणणाऱ्यांच्या कादंबऱ्या. त्यांत तत्त्वज्ञान पुष्कळ, आणि पलंगही बरेच. इथल्या मराठी मंडळाने फक्त पलंग ऐकले. बायका आपल्या नवऱ्यांना माझ्या शेजारी जेवायला बसू देत नसत. अहो, मी एकाच माणसाशी अडतीस वर्षं संसार केला, तोही पापड भाजायचा की तळायचा यावर भांडत! आमचे हे, कै. रमेश, कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होते. पाहुण्यांना सांगायचे, "हिचा विषय जरा तसला आहे, पण आमटी उत्तम करते." माझा प्रबंध त्यांनी कधी वाचला नाही. फक्त तळटीपांचे क्रमांक तपासले आणि चार चुका काढल्या.

कलम दोन. मंडळाचे माजी अध्यक्ष सुधीरराव. यांनी गणेशोत्सवातलं माझं व्याख्यान "लेकीबाळी असतात हो" म्हणून रद्द केलं आणि त्या जागी बाल्कनीतल्या भाज्यांवर भाषण ठेवलं. त्याच आठवड्यात "सुलेखाताई, जरा संदर्भासाठी" म्हणत तीन सचित्र पुस्तकं घेऊन गेले. त्याला अकरा वर्षं झाली. ती पुस्तकं त्यांना कायमची. (काल फोन करून तसं सांगितलं. म्हणाले, "तीन नाही, चार आहेत." माणूस प्रामाणिक आहे, उगाच इतकी वर्षं बोल लावला.)

कलम तीन. बाकीची सगळी पुस्तकं, कार्डांचे खोके आणि वाचायचा दिवा निशिगंधाला. ही इथे पीएचडी करते आणि दर गुरुवारी माझ्याकडे येऊन माझ्याशी वाद घालते. अट एकच, की... नको. या कागदावर एकही अट नको.

कलम चार. राहतं घर.

माझी एकुलती एक मुलगी उर्जा. मी तिला लहानपणापासून सांगत आले, कुणाच्या सांगण्यावरून जगू नकोस. मी मराठीत सांगायची, ती जर्मनमध्ये "या, या", म्हणजे "हो, हो" करायची. एकोणतिसाव्या वर्षी तिने न्युरेम्बर्गच्या यंत्र-इंजिनिअर तनयशी लग्न ठरवलं. तेही कसं? सप्तपदी, मंगळसूत्र, आणि वर नाव बदलणार! मी दोन तास बोलले. यासाठी वाढवलं का तुला, इथपर्यंत गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "तू तुझ्या पुस्तकांतल्या त्या माणसांसारखीच आहेस. सगळ्यांना मोकळं करतेस, पण तुला हवं तसंच."

मी लग्नाला गेले नाही. लग्नाच्या दिवशी बसून मृत्युपत्र लिहिलं: उर्जा विवाहबंधनात असेपर्यंत तिला हे घर मिळू नये. इथे मुलांचा सक्तीचा वाटा असतो, तो आईबापांना सहसा काढून घेता येत नाही. म्हणजे जर्मन कायद्याला माझ्यापेक्षा जास्त माया. माझ्या त्या फ्रेंच कादंबऱ्यांमध्ये बाप मुलीला लग्न ठरेपर्यंत मठात कोंडतो. मी मुलीने लग्न केलं म्हणून तिला घराबाहेर ठेवलं. तीस वर्षं मी वर्गात त्या बापावर तोंडसुख घेतलं.

हाड मोडलं तेव्हा हॉस्पिटलने उर्जाला कळवलं. उर्जा आली नाही. का यावं? तनय आला, साडेचार तास प्रवास करून. "आई, मी इकडे येतोय हे तिला सांगितलंय. ती नको म्हणाली नाही," एवढंच बोलला. मग पिशवीतून माझा प्रबंध काढला. चारशे बारा पानं, रंगीत चिठ्ठ्या लावलेली! मशीनचं मॅन्युअल वाचावं तसा यंत्रवाल्या जावयाने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता. पान दोनशे अठरा उघडून म्हणाला, "इथे तुम्ही लिहिलंय, की दुसऱ्याला आपल्या पद्धतीने मुक्त करणारा हाही जुलमीच. हे फक्त त्या कादंबऱ्यांपुरतं आहे, की सगळीकडे लागू होतं?"

टोमणा नव्हता हो. त्याला खरंच माहिती हवी होती. माझ्या तोंडी परीक्षेत पाच प्रोफेसर होते, कुणाला हे सुचलं नव्हतं. मी रडले, आणि नर्सला वाटलं कंबर दुखतेय.

तर घर उर्जाला. पूर्ण. ती लग्नात राहो, न राहो; घरात राहो, घर विको, नाहीतर दर महिन्याला सत्यनारायण घालो. रमेशची हत्यारांची पेटी तनयला.

कलम पाच. वरची सगळी कलमं माझ्या मृत्यूनंतर. हे आधी. उर्जाला मराठी समजतं, वाचता येत नाही. पण भांडले मराठीत, तेव्हा माघारही मराठीतच घेते. याची प्रत तनयला पाठवत आहे. त्याने ती तिला वाचून दाखवावी.

उर्जा, मी चुकले. तुझ्या लग्नाचा एक फोटोसुद्धा मी पाहिलेला नाही. शालू कुठल्या रंगाचा होता, मला माहीत नाही. मंगलाष्टकं चालू असताना तुझ्यामागे कोण उभं होतं, तेही माहीत नाही. मला ते सगळं तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. फार वाटतं ग. पण तू आली नाहीस तरी घर तुझंच आहे, आणि मी रुसणार नाही.

तनय, इथे वाचायचं थांब. ती येते की नाही, हे तिला विचारू नकोस.

स्थळ: ड्रेस्डेन
दिनांक: ११ मे २०२५

(सही) सुलेखा रमेश गद्रे

साक्षीदार (इथे लागत नाहीत, पण माझी पुण्याची सवय):
१. (सही) स्वराली देवधर, माझी फिजिओथेरपिस्ट
२. (सही) भास्कर इनामदार, वरच्या मजल्यावरचे शेजारी