डेटा घरातच राहतो

सोमवार, २ जून

दुरुस्ती. परवाच्या नोंदीत मी लिहिलं आहे, 'घरातल्या सगळ्यांनी आपापले फोन आनंदाने दिले.' हे खरं नाही. आईने दिला. दादाने दिला. वहिनीचा फोन वहिनीने नाही, दादाने दिला. ती मागे भांडी घासत होती. त्याने ओट्यावरून उचलला, कुलूप उघडलं आणि माझ्या हातात ठेवला. कुलूप उघडायला अक्कल लागत नाही. आमच्या घरात सगळ्या फोनांना एकच आकडा आहे, दादाची जन्मतारीख. 'लपवायचंय काय कुणापासून?' हे आमच्या घराचं सुरक्षा-धोरण!

मी पण विचारलं नाही. घाई होती. मुक्तीची घाई.

बाकी नोंद बरोबर आहे. चष्म्याच्या दुकानातून मालकांनी टाकून दिलेला कॉम्प्युटर मी रिक्षात मांडीवर घेऊन आले, त्यातलं सगळं पुसलं, मुक्त सॉफ्टवेअर चढवलं. आता तिघांचे आणि माझे फोटो घरी आल्याबरोबर आपोआप त्यात उतरतात. कुठल्याही कंपनीच्या ढगात जात नाहीत. चपलांच्या मांडणीखाली राहतात. आईने विचारलं, 'मग फायदा काय?' मी म्हटलं, 'आई, आपला डेटा आता आपल्या घरातच राहतो.' ती म्हणाली, 'आधी कुठे फिरायला जायचा?'

बुधवार, ४ जून

अर्धे फोटो आडवे दिसतात. माणसं भिंतीवर झोपल्यासारखी. या सॉफ्टवेअरवाल्यांच्या ऑनलाइन मंचावर प्रश्न विचारला — नम्रपणे, आवृत्ती लिहून, आधी काय काय करून पाहिलं ते लिहून. तिथे एक पेंग्विन-बाबा आहेत (चित्रात पेंग्विन, बोलण्यात बाबा). त्यांचं उत्तर: 'कागदपत्रं वाच.'

वाचली होती! या पृथ्वीवर 'मी वाचलं आहे'च्या चौकोनात खूण करण्याआधी खरंच वाचणारी मी एकटीच असेन. घरात पहिली शिकलेली असल्याचा हा रोग आहे. कागद दिसला की वाटतं, न वाचता सही केली तर आपलं घरच जाईल.

तसं कळवलं. उत्तर: 'कोड खुला आहे. स्वतः दुरुस्त कर.'

म्हणजे छत गळतंय सांगायला जावं तर म्हणतात, विटा बाहेर पडल्यात, घे हव्या तेवढ्या.

गुरुवार, ५ जून

मालकांनी दुकानात नवीन ॲप आणलं. फुकट आहे म्हणून खूश. आता चष्मा पुसायचं फडकं द्यायचं तरी गिऱ्हाइकाचा नंबर, जन्मतारीख आणि लग्नाचा वाढदिवस भरावा लागतो.

'लग्नाचा वाढदिवस कशाला?'
'सगळे घेतात.'
'पण आपल्याला कशाला?'
'अगं, सगळे घेतात म्हणून!'

एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, 'मलाच आठवत नाही, तुम्ही लक्षात ठेवणार असाल तर उत्तमच.' मी चौकोन रिकामा सोडला. ॲपने पुढे जाऊ दिलं नाही. शेवटी माझ्याच मनाची एक तारीख टाकली. आजोबांना त्या दिवशी शुभेच्छा येतील. त्यांच्या आजीबाई काय म्हणतील या विचाराने जेवण गेलं नाही.

शनिवार, ७ जून

फोटो सरळ झाले!! स्वतः केलं. पेंग्विन-बाबांना कळवलं. त्यांनी अंगठा दाखवला. एवढी स्तुती मला दहावीलाही मिळाली नव्हती.

रविवार, ८ जून

दादाला सुट्टी. त्याचा टेम्पो दारात, तो सोफ्यावर. 'तुझी ती पेटी टीव्हीवर दिसते का गं?' दिसते. मीच जोडून दिलं. मीच! सगळे बसलो. एकेक फोटो आपोआप पुढे सरकत होता. दादाच्या टायरचे फोटो, मागून पुढून. आईने काढलेली मांजर. माझ्या दुकानातल्या फ्रेमा. सगळे हसत होतो.

मग वहिनी आली. टीव्हीभर. गाडीच्या स्टिअरिंगमागे, पट्टा लावलेला, केस बांधलेले, तोंड भरून हसणारी. काचेवर शिकाऊची पाटी.

दादा म्हणाला, 'ही कुणाची गाडी?'
वहिनी म्हणाली, 'मैत्रिणीची. नुसती बसून बघितली.'

पुढचा फोटो. तीच गाडी, वेगळे कपडे. पुढचा. पावसाळी जॅकेट. टीव्हीला काही घाई नव्हती.

रिमोट दादाच्या मांडीखाली होता. मी धावत जाऊन मांडणीमागची वायर उपटली. पाण्याचा फिल्टर बंद पडला. वहिनी हसत राहिली — पडद्यावरची. सोफ्यावरची उठून आत गेली. आई म्हणाली, 'पुरे आता,' आणि तीही आत गेली.

तो मुक्त सॉफ्टवेअरचा विजय होता. एकही फोटो गहाळ झाला नाही.

सोमवार, ९ जून

दादा वहिनीशी बोलत नाही. माझ्यावर मात्र फिदा. 'काय बनवलंस गं! मला वाटलं टाइमपास असेल.' मग, चहा ओतता ओतता — 'फोटो कुठे काढला ते पण कळतं ना यात? नकाशावर? आमच्या गोदामातला एक जण सांगत होता.'

कळतं. नकाशा आहे. सुंदर आहे. प्रत्येक फोटोचा एक ठिपका. मी स्वतः चालू केलाय.

मी म्हटलं, 'नकाशात बिघाड आहे. बंद पडलाय.'

लगेच पटलं त्याला. फुकटच्या सॉफ्टवेअरवर कसलाही आळ घ्या, लोक विश्वास ठेवतात. पेंग्विन-बाबांची मनात माफी मागितली आणि नकाशा बंद केला. म्हणजे आता मी खोटं बोलले नाही. (बोलले. आधी बोलले, मग बंद केला.)

मंगळवार, १० जून

दादाने वहिनीचा फोन उघडून बघितला. परवान्याच्या परीक्षेचा मेसेज सापडला. १९ तारीख, गुरुवार, सकाळ.

तो मेसेज घेऊन माझ्याकडे आला. 'रद्द करून टाक. ती वेबसाइट-बिबसाइट मला जमत नाही.'
'वहिनीला विचारलंस?'
'मी सांगतोय ना तुला.'
'पण तिची परीक्षा आहे, दादा.'
'रस्त्यावर काय असतं ते मला विचार. रोज आईवरून शिव्या खातो मी. तिला पण खायच्यात? शाळेची व्हॅन चालवणार म्हणे! उद्या एखादं पोर खाली आलं तर?'

मग तो म्हणाला, 'बाबा गेले तेव्हा नववीतून मी उठलो. तू बसलीस. एवढं एक काम सांगितलं तर प्रश्न विचारतेस.'

इतक्या वर्षांत त्याने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवलं. खोटं असतं तर बरं झालं असतं. पण माझ्या प्रत्येक पुस्तकाला त्याच्या टेम्पोच्या डिझेलचा वास आहे, हे मला तो न सांगताही माहीत आहे.

बुधवार, ११ जून

मंचावर विचारलं: एका व्यक्तीचे फोटो पेटीच्या मुख्य व्यवस्थापकापासून, म्हणजे ॲडमिनपासून, लपवायचे असतील तर?

पेंग्विन-बाबा या वेळी लगेच आले. 'नाही लपवता येत. व्यवस्थापकाला सगळं दिसतं. त्याच्यावर विश्वास असावा लागतो. तुमच्याकडे व्यवस्थापक कोण आहे?'

मी.

उत्तर लिहिलं नाही. पान बंद केलं.

गुरुवार, १२ जून

वहिनी एकटी सापडली, इस्त्री करताना. मी मोठं भाषण तयार केलं होतं. माफी, त्यानंतर तांत्रिक खुलासा, की आता तुझे फोटो वेगळे केलेत, आता कंपनीलाही दिसत नाहीत आणि—

'कंपनीला दिसत होते तेव्हा काय होत होतं?'
'ते लोक सगळं बघतात, वहिनी. कुठे जातो, काय घेतो—'
'बघू देत की! जाहिराती दाखवत होते, गाडीच्या सीट कव्हरच्या. मला आवडायच्या. कंपनी काय घरी येऊन तुझ्या दादाला सांगणार होती?' तिने शर्टाची कॉलर उलटी केली. 'मला कंपनीपासून काही लपवायचं नव्हतं, ताई. तू नेमकं जिथून लपवायचं होतं तिथेच आणून ठेवलंस.'

ती माझ्यापेक्षा मोठी, तरी मला ताई म्हणते. आज ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

'रद्द करणार आहेस?'
'बघते.'

बघते! भित्र्या माणसांचं आवडतं क्रियापद. 'मी वाचलं आहे'पेक्षाही जास्त वेळा खोटं वापरलं जाणारं.

शुक्रवार, १३ जून

वेबसाइट उघडली. 'रद्द करा'चं बटण लाल, मोठं, देखणं. बाकी सगळ्या साइटवर हे बटण शोधता शोधता नाकी नऊ येतात. इथे पहिल्याच पानावर! दाबलं नाही. वीस वेळा अटी वाचल्या. त्यात कुठेही लिहिलेलं नाही की दुसऱ्याची परीक्षा आपल्या भावाच्या सांगण्यावरून रद्द करता येते. येत नाही असंही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी सगळ्यांसमोर दादाने विचारलं, 'झालं का ते काम?'

मी म्हटलं, 'झालं.'

का? भांडण नको म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर थकवा होता म्हणून. माझ्यात दम नाही म्हणून. दादा 'शाब्बास' म्हणाला. मोरीत भांडं घासायचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला, पण हळू.

वहिनीलाही माझं खोटं खरं वाटलं. एवढी कुशल आहे मी.

शनिवार, १४ जून

ती माझ्याकडे बघत नाही. चहा देते, बघत नाही.

तिला सांगायचंय की रद्द केलेली नाही. एकच वाक्य! या घरात एका माणसाला एक वाक्य सांगायची सोय नाही. दोन खोल्या, चार माणसं. दादाचं गोदाम दोन दिवस बंद, त्यामुळे तो सगळीकडे. मेसेज करायचा तर तिचा फोन त्याच्या खिशात. मीच सगळ्यांच्या फोनमध्ये ते कूटबद्ध निरोपाचं ॲप घातलंय. मुक्त, तपासलेलं, जगातले तज्ज्ञ वाखाणतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मधलं कोणीही वाचू शकत नाही.

टोकालाच दादा बसलाय.

रविवार, १५ जून

चादरी वाळत घालायला वहिनी गच्चीत गेली. मी मागोमाग. पिळायला एक बाजू तिच्या हातात, एक माझ्या. पिळता पिळता म्हटलं, 'रद्द केली नाही. त्याला खोटं सांगितलं.'

तिने पिळणं थांबवलं. पाणी माझ्या पायावर पडत राहिलं.

'गुरुवारी जा तू. मी सांभाळते,' मी म्हटलं. 'त्याला कळणार नाही.'
'आणि मग?'
'मग परवाना मिळेल.'
'आणि मग? परवाना काय उशीखाली ठेवू? ताई, व्हॅन चालवायची आहे मला. पिवळी, एवढी मोठी, रोज सकाळी या चौकातून. ती कशी लपवणार तू? नकाशात बिघाड आहे म्हणून?'

मला हसू आलं, तिला नाही आलं. मग तिलाही आलं.

'मीच सांगणार त्याला,' ती म्हणाली. 'परीक्षेच्या आदल्या दिवशी. रागावेल. मला फोन परत नाही देणार, जेवणार नाही, बोलणार नाही. पण सांगून जाणार. तू मध्ये पडू नकोस. फक्त त्याने तुला विचारलं की खरं बोल. जमेल?'

'त्याने माझ्यासाठी शाळा सोडली, वहिनी.'
'माहीत आहे. मी पण त्याचीच बायको आहे.' चादर झटकली. 'त्याला शाळेतून उठावं लागलं म्हणून मी पण परीक्षेतून उठू का?'

बाजूच्या गच्चीतून कुणी ऐकलं असेल का? असेल. ऐकू दे. (हे मी लिहिलं! मी!)

जमेल का? तिला 'हो' म्हटलं. 'बघते' नाही म्हटलं.

सोमवार, १६ जून

बुधवारी दादाला काय सांगायचं ते आरशासमोर म्हणून बघत होते. 'दादा, मी खोटं बोलले. रद्द केलं नाही आणि करणार नाही.' तिसऱ्या शब्दालाच आवाज चिरकतो. आई मागे भाजी निवडत बसलेली. मला वाटलं, ऐकत नाहीये.

वर न बघता म्हणाली, 'बुधवारी मला पण बोलवा.'
'आई, तू नको यात.'
'नको काय? शिकायला जाताना मागच्या सीटवर कोण बसत होतं? आणि फोटो काय गाडीने काढले?'

ठरलं: बुधवार, १८ जून. दादा संध्याकाळी हातपाय धुऊन बसला की सांगायचं. आम्ही तिघी.