सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक

वरवट बकाल
दि. ९ जानेवारी २०२४

ती. बाबांस,
समताचा स. जयभीम वि. वि.

तुम्हाला फोनवरचं ऐकू येईना, तेव्हापासून पत्रांची सवय परत लागली. पायल दोन महिन्यांची झाली. दूध नीट पिते. पण जन्मानंतर पंधरा दिवसांनी डाव्या कानशिलावर जो लाल ठिपका आला होता, तो आता चिंचोक्याएवढा फुगलाय. सासूबाई म्हणतात, पोरीची जात, तोंडावर हे घेऊन कशी वाढन. जवळच्या गावात कोणी बिब्ब्याचा चटका देऊन असे डाग जाळतो, त्याच्याकडे न्यायचं त्यांच्या मनात आहे. संघर्ष पायलचा बाप, पण आईचा शब्द मोडत नाही.

म्हणून शनिवारी मीच तिला अकोल्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे, कॅन्सर नाही, काही महिने वाढेल आणि मग वर्षावर्षानं ओसरेल, असं त्या म्हणाल्या. वरवरची आहे, डोळ्यापासून लांब आहे, त्यामुळे सुई नाही, कापणं नाही. पोरीची छाती तपासून, ठोके मोजून त्यांनी औषध दिलं. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक, गाठीवर हलक्या बोटानं पसरायचा. औषधाचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर आहे.

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची समता


देऊळगाव राजा
दि. १७ जानेवारी २०२४

चि. समतास, अ. उ. आ.

चिठ्ठी वाचून मी चरकलो. काचबिंदूसाठी मी रोज डोळ्यात घालतो त्याच बाटलीवरचं हे नाव. डोळ्याचं औषध लेकराच्या कातडीवर? बाईंची चूक झाली असं वाटून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं जालन्याला माझ्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. ऐकू येत नाही म्हणून उत्तर कागदावर लिहून मागितलं. त्यांनी लिहिलं, चूक नाही, असल्या गाठींवर हे औषध बरीच वर्षं वापरतात. मात्र ते कातडीतून अंगात उतरतं, तेव्हा थेंब वाढवू नये. कातडी फुटली तर लावू नये. पोर सुस्त पडली, दूध सोडलं, छातीत घरघर आली किंवा हातपाय गार पडले तर लगेच दवाखाना गाठावा. तो कागद सोबत पाठवतो.

तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि विचारण्याआधीच बाईंवर शंका घेतली, याची लाज वाटली. आता थेंब थांबवू नकोस. विहीणबाईंशी भांडू नकोस, पण पोरीला त्या चटक्याकडे जाऊही देऊ नकोस.

पायलला माझा पापा.
तुझा बाबा


वरवट बकाल
दि. २१ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
स. जयभीम वि. वि.

सोमवारी जे घडलं ते लिहिते. दीड महिना थेंब घालून गाठ वाढली नव्हती, पण बसलीही नव्हती. सासूबाईंचा धीर सुटला. मी अंगणवाडीत होते. शेजारच्या जनकाबाई सांगत आल्या, तुयी सासू पोरीले घेऊन बसमध्ये बसली. मी तशीच पळाले. गाडी हलत होती, तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. कंडक्टर बरंच बोलला. मी वर चढून पायलला उचललं.

सासूबाईंना रडू कोसळलं. म्हणाल्या, मी काय पोरीची दुश्मन आहो? माह्या बहिणीच्या गालावर लाल डाग होता, तिले पाहाले कोनी आलं नाही, भावजयांच्या बोलण्यात तिचा जलम गेला. बाबा, हे मला सहा वर्षांत ठाऊक नव्हतं. मी एवढंच म्हटलं, आई, चटका तर मी देऊ देणार नाही. तुम्ही अकोल्याला चला आणि बाईंना तुम्हीच विचारा.

काल गेलो. बाईंनी जानेवारीचा फोटो पायलच्या गालाशी धरला. गाठीच्या मधोमध राखट रंग येऊ लागलाय, तो सासूबाईंनाच आधी दिसला; गाठ ओसरू लागल्याची ती खूण, असं बाई म्हणाल्या. आज सकाळी बाटली त्यांनीच मागून घेतली.

लोभ असाच ठेवावा.
तुमची समता


वरवट बकाल
दि. १२ ऑगस्ट २०२४

व्याही भाऊरावजी यांस,
बनाबाईचा जयभीम.

मी सांगून राह्यली, समता लिहून राह्यली आन् मधात हासते. पोरगी रांगते. गाठ बसली, रंग फिक्का पडला. थोडा डाग राहीन म्हणे बाई. राहू द्या म्हटलं, पोरगी चांगली आहे.

आता दुसरं. जनकाबाईच्या नातवाच्या पाठीवर तसंच उठलं. तिनं आमची बाटली मांगतली. मी देल्ली नाही. आधी लेकराची छाती पाहा लागते म्हटलं, तं ती रुसली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिले आन् लेकराले घेऊन अकोल्याच्या गाडीत बसली. बाईनं पाह्यलं अन् म्हणाली, ही गाठ खोल आहे, थेंबानं भागत नाही, पोटातून औषध द्या लागन, बरं झालं लवकर आणलं. जनकाबाईनं तिथंच माहा हात धरला. तिले आता दर महिन्याले जा लागते. मी संग जातो.

तुमी एकडाव येऊन जा. जीव लावला तसाच लावून ठेवा.

बनाबाई
(सही माझी आहे)