जयसिंगची दहा वाक्यं

६ जुलै १९९८, सोमवार

क्लासच्या हंबीरराव सरांनी आज शिकवायला सर्वनामांचा कागद हातात दिला. काय तो कागद! दहा इंग्रजी वाक्यं आणि दहाही वाक्यांत जयसिंग. जयसिंग स्वतः म्हैस धुतो, जयसिंग आरशात स्वतःला बघतो, ही सायकल जयसिंगची! विचारलं, "सर, दुसरं नाव नाही मिळालं?" म्हणे, "पुतण्याचं हाय. चटकन सुचलं." एवढी यांची प्रतिभा! आणि बाहेर शाहूपुरीच्या भर रस्त्यावर पाटी — 'दहावी नापासांसाठी हमखास इंग्रजी'. मी एम.ए. झाले ते यासाठी!

९ जुलै

सरांचा मंत्र — 'सेल्फ दिसलं की रिफ्लेक्सिव्ह, हू दिसलं की रिलेटिव्ह. डोकं लावायचं न्हाय!' असलं तर लावतील ना! 'हू आर यू' मधला हूसुद्धा पोरांनी रिलेटिव्ह करून टाकला.

त्यात ती तानाबाई. पस्तिशीची, बिद्रीकडून एसटीनं येते. गावच्या अंगणवाडीत मदतनीस. इंग्रजी सुटलं तर सेविका करणार म्हणे, आणि जागा याच वर्षी भरायची आहे. "येकच विषय ऱ्हायलाय वो बाई, तेरा वर्सं." तेरा वर्षांत पोपटसुद्धा इंग्रजी बोलला असता.

१३ जुलै

उद्या तोंडी. क्लासचा निकाल राखायला सर दर वेळी तोंडी घेतात आणि कच्च्यांना गाळतात. त्यांचे ऑक्टोबरचे फॉर्म पुढे पाठवतच नाहीत. "चार पडलं तर क्लासकडं कुत्रं फिरकायचं न्हाय!" कोणाला गाळायचं ते मी ठरवायचं. ठरवते की!

१४ जुलै

झाली एकदाची! उभं राहून वाक्य मोठ्यानं वाचायचं, सर्वनाम सांगायचं, त्याचा प्रकार सांगायचा. अर्ध्यांनी 'द'लासुद्धा सर्वनाम केलं. पण कळस तानाबाईंचा.

उभ्या राहिल्या, पदर सावरला. पहिलंच वाक्य, म्हैस धुण्याचं — गप्प. मग हळूच, "ही हिमसेल्फ..."

"ही कुठून आणलात? जयसिंग छापलंय तिथं. नाव वाचा!"

पुन्हा गप्प. पोरं खिदळायला लागली. "नुसता परकार सांगू का? एम्फॅटिक हाय." बरोबर होतं, सरांच्या मंत्रातलं रिफ्लेक्सिव्ह नव्हे! मागच्या बाकावरून कोणीतरी सांगितलं असणार. म्हटलं, "आधी वाक्य." मान खाली. "दुसरं वाक्य द्या की बाई." दिलं. तिथंही जयसिंग, तिथंही मुक्या!

"बोर्डालाही असंच सांगणार का, दुसरं द्या म्हणून? तोंडात गूळ धरलाय का?"

तोंड लाल झालं. खाली बसल्या त्या बसल्याच. साधं नाव वाचता येत नाही आणि निघाल्या सेविका व्हायला! शून्य दिलं.

१५ जुलै

यादीत तानाबाईंवर काट मारली. सर म्हणाले, "ब्येस!"

१७ जुलै, शुक्रवार

फॉर्मचा शेवटचा दिवस. सव्वीस गेले, पाच गाळले. सुटले बाई एकदाची.

२० जुलै

तानाबाई आपले कागद परत न्यायला आल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "चुकी माजीच हाय बाई. चारचौघांत जीभच उचलंना." दाखल्याखाली पत्त्यासाठी जोडलेली रेशनकार्डाची झेरॉक्स होती. मी देता देता वाचली. कुटुंबप्रमुख, म्हणजे नवरा — जयसिंग.

भरल्या वर्गात मी तिच्याकडून नवऱ्याचं नाव वदवत होते! मी जिन्याकडे धावले. "थांबा" म्हणेपर्यंत ती जिना उतरून गेली होती. आणि थांबवून तरी काय देणार होते? मुदत शुक्रवारीच संपली.