चौदा जणींचा अर्ज

ता. ९ मे

प्रिय टिकू,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे. गळका नळ अखेर तुझ्या भावजींनीच दुरुस्त केला. आता गळतीही बंद आणि पाणीही बंद. घसा सांभाळ. तुझं सगळं घशावरच चाललेलं आहे.

एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. 'सगळे ठीक' हे खोटं आहे. माझी कामावरची जोडीदारीण लांबडी दवाखान्यात आहे. तुला आठवत असेल, प्रवचनाच्या दिवशी तुझ्या पाया पडताना जिला सगळ्यांत जास्त वाकावं लागलं ती. सोळा वर्षं ती आणि मी लाँड्रीत इस्त्रीच्या एकाच रोलरवर आहोत. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या ओल्या चादरी येतात. एक टोक ती धरते, एक मी, आणि दोघी मिळून चादर तापलेल्या रोलरखाली सरकवतो. गेल्या मंगळवारी दुपारी तिला उष्म्याने भोवळ आली. ती पुढे कोसळली आणि उजवा हात चादरीबरोबर आत गेला. मी बटण दाबेपर्यंत व्हायचं ते झालं. दोन बोटं कापावी लागली.

मी भेटायला गेले तर म्हणाली, "गुरुजींना कळव गं, दोन बोटांचा मोह सुटला." आणि हसली. टिकू, त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आता तुझ्या प्रवचनाबद्दल. मालकांनी तुला बोलावलं, अर्धा दिवस सुट्टी दिली, आम्हाला ओळीने प्रार्थनागृहात नेऊन बसवलं. तू शंभर अंगरखे असलेल्या राजाची गोष्ट सांगितलीस. त्याला झोप येत नाही, आणि एका अंगरख्याचा फकीर दगडावर घोरतो. "गरजा कमी करा, सुख आपोआप वाढेल," म्हणालास. बायका डोळे पुसत होत्या. मालक पहिल्या रांगेत मान डोलावत होते. का नाही डोलावणार? तुझ्या डोक्यावर सहा नवेकोरे पंखे फिरत होते आणि दारातल्या पाटीवर दाता म्हणून त्यांचंच नाव होतं.

तुला माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. पण तू विचारलंही नाहीस. त्याच आठवड्यात आम्ही चौदा जणींनी अर्ज दिला होता. इस्त्रीच्या खोलीत दोन पंखे, रोलरच्या तोंडाशी जाळी आणि टेकायला एक बाक. बस्स. सोन्याचं सिंहासन नव्हतं मागितलं. त्या खोलीत भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पाळीत पाणी प्यायला गेलं तर मुकादम घड्याळ बघतो.

प्रवचनानंतर दोन दिवसांनी अर्ज मागे घेतला गेला.

घेतला गेला म्हणजे काय, तो काही आपल्या पायांनी चालत परत आला नाही. कोणीतरी बायकांना समजावलं. मुकादमाने नाही, मालकाने नाही. मी समजावलं, टिकू. मी.

लांबडी म्हणाली होती, "अगं, पंखा हा कसला मोह?" मी तिला म्हटलं, "माझा भाऊ एवढा शिकलेला, त्याला कळत नाही का? देहाचे चोचले किती पुरवायचे?" मला अभिमान चढला होता. सगळ्या बायका मला 'गुरुजींची ताई' म्हणत होत्या, आणि मीही दीडशहाणी, छाती काढून ऑफिसात गेले आणि चौघींच्या देखत अर्ज परत मागितला. मालकांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. सोळा वर्षांत पहिल्यांदा मी त्या ऑफिसात बसले.

हे मी अजून लांबडीपाशीही नीट कबूल केलेलं नाही. तिला ठाऊक आहे.

तू म्हणशील, ताई, मी हात रोलरमध्ये घाल असं सांगितलं नव्हतं. नाहीच सांगितलंस. पण तुला चष्मा लागला तेव्हाचं आठव. फळ्यावरचं दिसत नव्हतं म्हणून तू रडत यायचास. चाळीतली काकू म्हणाली, "हातातोंडाची गाठ पडत नाही आणि पोराला चष्म्याची चैन!" आईने तिला उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. म्हणाली, "दिसणं ही चैन नव्हे." त्या चष्म्यातूनच तू पुढे सगळे धर्मग्रंथ वाचलेस ना? मग त्यांत आईचं एवढं एक वाक्य सापडलं नाही?

आम्ही काही संत नाही. आमच्यातही हाव आहे. मीच पारसाली शेजारणीची जिरवायला हप्त्यांवर आरशाचं कपाट आणलं आणि सहा महिने दुकानदारापासून तोंड लपवत फिरले. त्याबद्दल बोल ना! चार शब्द सुनाव, ऐकून घेऊ. पण आधी हाव कुठली आणि गरज कुठली ते ओळख. एक अख्खी पाळी आमच्या खोलीत उभा राहा आणि मग तोंड उघड. 'कमी करा' हे ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्या डोळ्यांत बघून म्हण. उपाशी माणसाला उपासाचं पुण्य सांगणं सोपं असतं रे, तो आधीच निम्म्या वाटेवर असतो.

फाटकावर सूचना लागली आहे. या रविवारी तू पुन्हा येतो आहेस. विषय 'समाधान'. लांबडीचं रक्त पुसून आठवडा झाला नाही आणि आम्हाला समाधान शिकवायला माझ्याच भावाला बोलावलंय.

काल आम्ही अर्ज नव्याने लिहिला. पहिली सही माझी. लांबडीने दवाखान्यात डाव्या हाताने केली, वाकडीतिकडी, पण अर्ध्या पानाएवढी. रविवारी तू तो अर्ज व्यासपीठावरून वाच, मालक समोर बसलेले असताना. नाही वाचलास तर मी मध्येच उठून वाचीन. माझा आवाज तुझ्याएवढा गोड नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

ये किंवा येऊ नकोस, आई जेवायला थांबेल. मी थांबेन की नाही, ते तू काय बोलतोस त्यावर.

तुझीच, अजून तरी,
ताई