मागची पट्टी

प्रिय जोतीराम,

काल तू फोन मध्येच तोडलास, म्हणून हे कागदावर लिहितोय. तसंही फोनवर तू दुसऱ्याला बोलू कधी देतोस? "अनुजाला त्या मशीनवर हुबं केलंस तर परत माझ्या दारात येऊ नगंस," असं म्हणालास आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे मान्य केलं असं समजू नकोस. तुझी लेक येत्या गुरुवारी आपल्या जुन्या सर्क्युलर करवतीवर पहिली फळी चिरणार आहे, आणि तू नाही म्हणालास तर चिरणार नाही. ती तुझ्या शब्दाबाहेर जायची नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तेव्हा रागावून का होईना, शेवटपर्यंत वाच.

दोन वर्षांपूर्वी डिप्लोमा करून ती उद्यमनगरात माझ्या कारखान्यात आली, तेव्हा तू अट घातली होतीस. नकाशे काढेल, पॉलिश बघेल, पण मशीनला हात लावायचा नाही. मी ती अट पाळली. पण पोरीला लाकडाची जाण आहे, ती मी कुठं लपवू? फळी हातात आली की आधी तिचं टोक बघते, रेषा कुठं वळल्यात ते बघते आणि मगच पेन्सिल उचलते. हे तिला मी शिकवलं नाही आणि कॉलेजातही कुणी शिकवत नाही. तू असंच करायचास, आणि फळीचं भविष्य सांगतो म्हणून मी तुला ज्योतिषी म्हणायचो. तिलाही परवा चुकून तेच म्हणालो. ती हसली.

गेल्या दिवाळीनंतर ती मागेच लागली. "काका, मी नुसती कागदावर सुतार हाय का?" मी म्हणालो, मशीन जुनं आहे, आधी ते माणसाच्या लायकीचं करू, मग बघू. मला वाटलं होतं, या कामात वर्ष निघेल आणि तिचं खूळही निघून जाईल. कसलं निघतंय. ती दर रविवारी हजर. तुला आठवत असेल, पात्याच्या मागची पोलादी पट्टी टेबलाला बोल्टनं पक्की होती. चिरलेल्या फळीच्या दोन बाजू परत मिटून पात्याला चिमटा बसू नये म्हणून ती मध्ये उभी असायची. पण पातं वरखाली केलं तरी ती जागची हलत नसे, आणि फळी आरपार न चिरता नुसती खाच मारायची झाली की आडवी येई, काढावीच लागे. काढली की परत बसवायचा कंटाळा. आता आम्ही पट्टी पात्याच्याच बैठकीला जोडली आहे. पातं खाली गेलं की ती खाली, वर आलं की वर. उंचीला पात्यापेक्षा जराशी कमी, त्यामुळे खाच मारतानाही काढायला नको. पहिली पट्टी मी अंदाजानं केली, ती जाड झाली आणि फळी अडकून बसली. अनुजानं जाडी मोजायचा व्हर्नियर माझ्यापुढं आपटला. "डोळ्यानं मोजायचं वय गेलं तुमचं." तिसऱ्या पट्टीला जमलं. वरचं पत्र्याचं झाकणही काढून टाकलं. त्याच्या जागी जाड पारदर्शक झाकण आहे, आत काय चाललंय ते सगळं दिसतं.

गेल्या आठवड्यात चाचणी घेतली. चिरायला मीच उभा राहिलो, तुझी अट मोडली नाही. फळी मात्र तिनं निवडली, सागवानाची, मुद्दाम पीळ असलेली. हातभर चिरून झाली आणि मागून मिटायला लागली. पात्याचा आवाज बदलला. तो आवाज तुला माहीत आहे, जोत्या. पुढं सरकवायचं की थांबायचं तेच मला कळेना. पण फळी पट्टीला दोन्ही बाजूंनी धरून तशीच राहिली. उडाली नाही, इंचभरही उचलली नाही. मी मशीन बंद करून स्टुलावर बसलो. अनुजा काढलेली जुनी पट्टी हातात घेऊन ती उलटीसुलटी बघत होती. मग म्हणाली, "काका, ही जुनी बी चांगलीच हाय की. जाडी बरोबर हाय, सरळ हाय. ही जागेवर असती तर बाबांची फळी उडायलाच नको होती." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पट्टी हळूच कपाटावर ठेवली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि न काढणं मला जास्त जड जातंय.

ती पट्टी त्या दिवशी जागेवर नव्हती. ती मी काढली होती. खंडेनवमीला पात्याला हळदकुंकू लावायचं म्हणून झाकण आणि पट्टी दोन्ही उतरवली, आपण नारळ फोडला, दुसऱ्या दिवशी एकमेकांना सोनं दिलं. अनुजा त्याच वर्षी जन्मली होती, म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्या फळीचा मान तुला द्यायचा असं मीच ठरवलं. त्या सकाळी तुझ्या आधी येऊन मी झाकण बसवलं आणि त्याच्यावर झेंडूची माळ घातली. पट्टी हातात घेतली आणि परत ठेवली. दुपारी दरवाजांच्या खाचा मारायच्याच होत्या, उगाच दोनदा बोल्ट कशाला फिरवा, एवढाच विचार केला. झाकण पत्र्याचं, त्याच्या आड मागची पट्टी आहे की नाही ते दिसायचंच नाही. फळी मिटली, उडाली आणि तुझा डावा हात पात्यावर ओढला गेला. तुला दवाखान्यात पोहोचवून मी कारखान्यात परत आलो तो पाणी घेऊन फरशी धुवायला नाही. आधी मी ती पट्टी बसवली, बोल्ट आवळले आणि मग बादली उचलली. हे बावीस वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही. दानेश्वरी माझी बायको आहे, तिलाही ठाऊक नाही.

तू शुद्धीवर आलास आणि पहिलं काय म्हणालास? "माझीच धांदल नडली." मला सुटल्यासारखं झालं. तेव्हाची लाज अजून गेलेली नाही. तू कारखान्यातली भागीदारी सोडलीस, कोडोलीला गेलास, म्हशी घेतल्यास. उरलेल्या दोन बोटांनी धार काढायला शिकलास. पावण्यांना हसत सांगतोस, तीन बोटं अंबाबाईला वाहिली. मी दर जत्रेला तुझ्याकडं जेवायला येतो, तुझ्या डाव्या हाताकडं न बघता तांबड्या रश्श्याचं कौतुक करतो आणि तू मला आणखी वाढतोस. अनेकदा सांगायचं ठरवून आलो आणि पोट भरून परत गेलो. भित्रा माणूस आहे मी. मशीनला भितो असं लोकांना वाटतं, मी तुला भीत होतो.

काल तू जे बोललास त्यानं मात्र माझी झोप उडाली. "आमच्या रक्तातच धांदल हाय. माझ्या हातानं माझं वाटोळं केलं, तिच्या बी हातात तेच असणार." अनुजाला परवानगी मिळवायला मी हे पत्र लिहीत नाही. हो म्हण किंवा नाही म्हण, बाप तू आहेस. माफीही मागत नाही, ती मागायची माझी लायकी नाही. मला दाराबाहेर ठेवायचं तर खुशाल ठेव. लिहितोय ते एवढ्यासाठी की तिला नाही म्हणताना तू स्वतःच्या हाताला दोष देणार, आणि ती तो खरा मानणार. त्या सकाळी स्विच दाबण्याआधी तू हात थांबवून माझ्याकडं वळला होतास. "सगळं बसवलंयस न्हवं?" असं विचारलंस आणि मी "व्हय" म्हणालो. भुलीत आणि दुखण्यात तू ते विसरलास, मी विसरलो नाही. तू धांदल केली नव्हतीस, जोत्या. तू विचारलं होतंस.

तुझाच,
महांतेश