तळ्याला भरती

रविवार, ऑगस्ट. संध्याकाळ.

ताईचा नवरा म्हणून भावजी म्हणायचं, नाहीतर... भाड्याची गाडी आणली, आत बिछाना, चूल, संडास. जायचं कुठे, तर दीड तासावर. तळ्यातलं बेट म्हणे. पुलावरून गाडी जाते ते बेट कसलं?

गाडी पाण्याला खेटून लावली आणि माझ्या तोंडून गेलं, "भावजी, वर घ्या, भरतीला चाकं बुडतील." मिरकरवाडा बंदरावर वाढलेलं तोंड, दुसरं काय बोलणार.

"मेव्हण्या, तळ्याला भरती? जर्मनीत भांडी घासून डोकंपण घासलंस काय?"

मग दिवसभर तेच. भाच्यांना सांगतात, "मामाला विचारा, भरती कधी?" ह्यांना बांगडा नि तारली वेगळी ओळखता येत नाही. ह्यांच्या हसण्याचं काय घेऊन बसायचं? पण रत्नागिरीहून महिनाभरासाठी आलेली आईपण तोंडाला पदर लावून हसली. ते लागलं.

दुपारी ती पाण्यात पाय सोडून बसली होती. निघताना अनवाणीच चार पायऱ्या वर चढली. चपला तिथे ठेवलेल्या, पाण्यापासून लांब.

मी बघितलं तशी हळूच म्हणाली, "जावयांना सांगू नको हां."