पिशवीत मावणाऱ्या कॉम्प्युटरबद्दल तक्रार

चौल, गुरुवार

चिरंजीव निकेत यास,

तुझ्या एकुलत्या एक भाऊजींचा, म्हणजे हिरामणचा, आशीर्वाद. (आशीर्वाद पुरता आहे, त्यातून काही कापून घेतलेलं नाही. राग खाली वेगळा लिहिला आहे.) खारघरला सगळी बरी असाल. तुझ्या पूनमच्या कंबरदुखीला उतार पडला का? तुझी ताई सगुणा ठणठणीत आहे, वाडीतल्या सुपाऱ्याही यंदा बऱ्या आहेत. मी मात्र बरा नाही आणि त्याला कारण तू आहेस. फोन न करता पत्र लिहितोय, कारण माझा फोन प्राप्ती बघते आणि हे प्रकरण तिच्याच बद्दलचं आहे. भिकूचा टेम्पो शनिवारी नारळ घेऊन पनवेलला जातो, त्याच्याबरोबर हे पाठवतो.

तुला ठाऊकच आहे, आमची प्राप्ती त्या पुण्याच्या कंपनीसाठी खेळातली घरं बांधते. (पोरं त्या घरांत शिरून एकमेकांना गोळ्या घालतात. मी एकदा बघितलं, इतकी सुंदर कौलं घातलेली पोरीने, आणि एका मेल्याने छपरावरून बॉम्ब टाकला.) कंपनी दोन वर्षं मागे लागली होती, पुण्याला ये, तुझं मशीन घेऊन ये, टेबल आम्ही देतो. आणि प्राप्ती दोन वर्षं सांगत होती, मशीन हलत नाही. खरंच हलत नव्हतं. जुना कॉम्प्युटर हलवायचा तर दोन माणसं उचलायला आणि एक शिव्या द्यायला लागायचा. अशी आमची पोर घरात होती, सुखाने. मग गणपतीला तू आलास आणि तोंडात मोदक असताना बोललास, भाऊजी, तो खटारा टाका, आता छोटा तयार गेमिंग पीसी मिळतो, एसएसडीवाला, टेबलावर जागाही कमी लागेल. अरे, जागा मागितली कोणी तुझ्याकडे? माझ्या अंगणात दहा चाकी ट्रक उभा राहायचा! पण मीही शहाणा, मेहुणा खारघरला एसीत बसून कॉम्प्युटर चालवतो म्हणजे त्याला अक्कल असणार असं धरून तो मागवून मोकळा झालो. आता ते मशीन तिच्या कॉलेजच्या पिशवीत मावतं आणि पोरगी येत्या सोमवारी पुण्याला निघतेय. माल परत करायची मुदत रविवारपर्यंत आहे.

पहिला अपमान तर कुरिअरवाला आला त्याच दिवशी झाला. खोका बरा मोठा होता, शेजारपाजारचे जमले, तुझ्या ताईने आरतीचं ताट केलं. मी खोका फोडला. आत खोका. त्याच्या आत फोम. फोममध्ये चहासाखरेच्या डब्याएवढी काळी पेटी. मी कुरिअरवाल्याला धरून ठेवला, म्हटलं बाकीचा माल कुठाय? तो बोलला, काका, एवढाच. नारळ कशासमोर फोडायचा हा प्रश्न पडला, कारण नारळ पेटीपेक्षा फार लहान दिसत नव्हता. ट्रक घेतला तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, इथे पेटीखाली लिंबू ठेवलं तर पेटी कलंडायची. शेवटी हळदकुंकू लावलं, तेही प्राप्तीने ओल्या फडक्याने लगेच पुसलं.

दुसरं, तुझी ती एसएसडी, जुन्या डिस्कच्या जागी आलेली. तिची तारीफ करताना तू थकत नव्हतास, बटण दाबलं की चालू, बटण दाबलं की चालू. तेच तर दुखणं आहे रे बाबा! जुना कॉम्प्युटर सकाळी बटण दाबल्यावर वीस मिनिटं घुरघुरत बसायचा. तेवढ्या वेळात प्राप्ती ओटीवर माझ्याजवळ चहा घेऊन बसायची. काय बोलायचो ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही, कोणाच्या वाडीत माकडं शिरली, रेवदंड्याला आज बोटी कधी लागल्या, असलंच. आता साखर विरघळायच्या आत मशीन तयार, आणि पोरगी कप घेऊन आत. तुझ्या त्या एसएसडीने माझी वीस मिनिटं खाल्ली, निकेत, रोजची, आणि वर तू मला विचारतोस, भाऊजी, फास्ट आहे ना? आहे. मेलं फारच फास्ट आहे.

आणि आवाज नाही! तीस वर्षं ट्रक चालवला, इंजिन कानाने ओळखतो. आवाज नसलेल्या यंत्रावर भरवसा ठेवायचा कसा? जुनी डिस्क बिघडायची तर आधी महिना महिना कण्हायची, करकरायची, माणूस सावध व्हायचा. ही म्हणे गेली तर एका सेकंदात गप्प. रेवदंडा नाक्यावर रिपेअरिंगचं दुकान टाकलेला साहिल आहे ना, त्याने हे सांगितलं. त्याच्याकडे पेटी घेऊन गेलो होतो, प्राप्ती अलिबागला गेली ती वेळ साधून. म्हटलं, उघड आणि खोट काढ. त्याने उघडली आणि कौतुकच करत बसला, काका, काय बसवलंय, बोट घालायला जागा नाही. मी म्हटलं, हीच खोट! उद्या काही वाढवायचं तर घालणार कुठे? तो बोलला, ते खरं, छोट्या पेटीत पुढे फार काही वाढवता येत नाही, पण चार-पाच वर्षं बघायला नको. तरीही मी कंपनीच्या तक्रार नंबरला फोन लावला. तिथली पोरगी विचारते, सर, प्रॉब्लेम काय आहे? काय सांगू? आवाज येत नाही म्हटलं, तर बोलली, सर, तीच तर त्याची खासियत आहे. लवकर चालू होतं म्हटलं, तर तिने माझे आभार मानले. वस्तू चांगली आहे याची तक्रार कुठल्या खात्यात करायची ते तरी तू सांग!

एकच आशा उरली होती, गरम हवेची. प्राप्ती मोठं काम लावते तेव्हा पेटीच्या मागून भट्टीसारखा वारा सुटतो. गेले आठ दिवस इकडे दमट आहे, तुझ्या ताईचे कोळंबीचे सोडे काही केल्या वाळत नव्हते, तेव्हा परवा पेटीमागे सोड्यांचं ताट ठेवलं. म्हटलं, मासळीच्या ओलाव्याने तरी काही बिघडेल. (ताट सगुणाने ठेवलं असं मी घरात सांगितलंय. ठेवलं मी. हे तुझ्यापाशीच ठेव.) दुपारपर्यंत घरभर वास. प्राप्तीने आईला फैलावर घेतलं. आई बोलली, मी न्हाय ठेवला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी वाडीत शिंपायला निघून गेलो. पोरीने ब्रश घेऊन पेटी साफ केली. पेटी चालूच. सोडे मात्र कडक उन्हात वाळावेत तसे वाळले. भिकूजवळ थोडे पाठवतोय, पूनमला कांदा घालून करायला सांग.

तर अशी हकीकत. आळीत चार जण विचारून गेले, हिरामणभाऊ, असला छोटा पीसी घ्यावा का? मी सांगितलं, घरात कॉम्प्युटर पाहिजे असेल तर डोळे झाकून घ्या. घरात पोर पाहिजे असेल तर घेऊ नका.

लहानांना पापा. तुला काही नाही.

तुझा भाऊजी,
हिरामण

ता. क. : खरं काम हे. शनिवारी पत्र हातात पडताच प्राप्तीला फोन कर आणि सांग, हे मॉडेल वाईट आहे, प्रवासात खराब होतं, रविवारच्या आत परत कर. बदल्यात टेबलाएवढा मोठा घेऊ म्हणावं, चार माणसांनी उचलावा असा. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते.

ता. क. २ (शनिवार, पहाट) : फोन करू नकोस! काल संध्याकाळी ती पुण्याच्या मॅडमशी बोलत होती, मी खिडकीबाहेर उभा होतो. (कान लावून नव्हतो. उभा होतो.) त्यांना सांगत होती, मॅडम, मशीनमध्ये खोट निघाली, परत करतेय, माझं येणं जमणार नाही. फोन ठेवला आणि पेटीवर हात ठेवून बसली. मी खोट काढायला गेलो होतो ते साहिलने तिला सांगितलं असणार, चुगलखोर मेला. माझ्या मनासारखं झालं होतं, निकेत, आणि मला इतका संताप आला! चांगल्या वस्तूला नावं ठेवते? तसाच आत गेलो आणि ओरडलो, कसली खोट? एक नंबर मशीन आहे, मी स्वतः तपासून आणलंय, लाव फोन परत त्या बाईला. तिने लावला. मग दोघंही रडलो, तुझी ताई बोलली, येडी हाय दोघं. हे पत्र फाडून नवीन लिहिलं असतं, पण भिकू बाहेर हॉर्न वाजवतोय.

ता. क. ३ : सोमवारी अकराच्या सुमारास ती पनवेल स्टँडवर उतरेल. पुण्याच्या गाडीत तू स्वतः बसवून दे, खिडकीची जागा बघ. मीच येणार होतो तिथपर्यंत, पण त्या दिवशी मला काम आहे. (काम काही नाही.)